शरणपूरचे दार

अशोकस्तंभापासून पश्चिमेला निघालेला गंगापूर रोड आज नाशिकच्या सुखवस्तू वस्तीचा रस्ता आहे. कॉलेजे, दवाखाने, मंगल कार्यालये, उंच इमारती मागे टाकत तो आनंदवल्ली आणि सोमेश्वरवरून धरणाकडे जातो. या रस्त्याच्या दोन अंगांना दोन जुन्या वस्त्या आहेत. शहराच्या बाजूला, रस्त्याच्या दक्षिणेस शरणपूर. पलीकडे, आनंदवल्ली ओलांडल्यावर गोदावरीच्या काठी जलालपूर. दोन्हींमधले अंतर दहा किलोमीटरही नसेल. पहिली वस्ती एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनने वसवली. दुसऱ्या गावात १८६८ साली एका अत्यंत कडक सोवळ्याच्या घरात लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. या दोन वस्त्यांचा इतिहास एकत्र वाचावा असे मला फार उशिरा सुचले.

मी कोणी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात माझी बरीच वर्षे गेली. संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात बसून जे वाचले, तेवढेच माझे शिक्षण. नाशिक जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर मी तिथेच पहिल्यांदा हाताळले. पण शरणपूरशी माझी ओळख पुस्तकातून झालेली नाही. शाळेत माझ्या बाकावर शरणपूरचा एक मुलगा बसायचा. दिवाळीत तो आमच्याकडे फराळाला यायचा. त्याची बशी आई वेगळी ठेवायची, हे मला दिसायचे आणि त्यालाही दिसत असणार. नाताळात मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने करंज्यांची बशी आणि पाण्याचा तांब्या समोर ठेवला. मी म्हणालो, "मावशी, आज माझा उपास आहे." वार कोणता होता आठवत नाही, पण उपास नव्हता एवढे नक्की.

हा लेख त्या बशीपासून सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही. कोणतीही धर्मसभा एका दमात तीन गोष्टी करू पाहते. ती माणसांना 'या' म्हणते. आलेल्यांना 'बदला' म्हणते. आणि वर्षाच्या शेवटी 'किती आले' हे मोजते. ख्रिस्ती परिभाषेत बोलायचे तर स्वागत, पश्चात्ताप आणि मंडळीची वाढ. कागदावर या तिन्ही गोष्टी एकमेकींना पूरक वाटतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या आड येतात. शरणपूरच्या मंडळीने हा अनुभव फार लवकर घेतला आणि त्याचे धागे आफ्रिकेपासून साताऱ्यापर्यंत पोहोचले.

आश्रयाचे गाव

चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकला १८३२ साली सुरू झाले. सुरुवातीचा भर शाळांवर होता. पेशवाई जाऊन पुरती पंधरा वर्षेही झालेली नव्हती. गोदेच्या घाटावर उभे राहून क्षेत्रस्थ ब्राह्मणांशी वाद घालणाऱ्या पाद्र्यांना श्रोते पुष्कळ मिळत, शिष्य मात्र क्वचितच. आणि जो कोणी शिष्य होई, त्याचे दुसऱ्याच दिवशी घर सुटे. विहीर बंद होई, धंदा बसे, बायको माहेरी नेली जाई. अशा माणसाला बाप्तिस्मा देऊन भागत नव्हते. राहायला जागा आणि पोटाला काम द्यावे लागे.

या गरजेतून रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात शहराबाहेर शरणपूर वसवले. चर्च, शाळा, अनाथालय, सुतारकाम-लोहारकामाची शाळा आणि भोवती ख्रिस्ती कुटुंबांची घरे, असा तो आराखडा होता. नाव अस्सल मराठी, पण त्यामागची कल्पना बायबलमधली. मिशनच्या इंग्रजी लेखनात या नावाचा अर्थ 'आश्रयनगर' असा दिला जाई.

बायबलच्या जुन्या करारात अशी सहा आश्रयनगरे सांगितलेली आहेत. हातून नकळत मनुष्यवध झालेल्या माणसाने सूडापासून वाचण्यासाठी तिथे पळून जायचे. त्यातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. यहोशवाच्या पुस्तकाप्रमाणे, त्या माणसाने आधी नगराच्या वेशीपाशी उभे राहून तिथल्या वडीलधाऱ्यांना आपली हकिगत सांगायची. मग त्याला आत घ्यायचे, जागा द्यायची. पुढे पंचांसमोर त्याचा न्याय व्हायचाच. म्हणजे आश्रय आणि झाडा, दोन्ही एकाच वेशीवर. झाडा पूर्ण होईपर्यंत माणसाला बाहेर उभे ठेवायचे नाही, आणि आत घेतले म्हणून झाडा माफही करायचा नाही.

शरणपूरच्या वेशीवर जे येत होते त्यांच्यात मात्र मोठा भाग गुन्हेगारांचा नव्हता. ती दुष्काळात आईबाप गमावलेली पोरे होती, वाळीत पडलेली माणसे होती. त्यांनी कशाचा पश्चात्ताप करायचा? मिशनचे उत्तर धर्मशास्त्राला धरून होते : पाप सर्वांचेच असते. पण उपाशी पोराला आधी भाकरी द्यायची आणि मग पापाची जाणीव करून द्यायची, यात भाकरीचे वजन जाणिवेवर पडते. 'पोटासाठी बाटले' हा आपल्याकडचा जुना टोमणा. तो मारणाऱ्यांनी स्वतः त्या पोरांना भाकरी दिली नव्हती, हे खरे. तरी त्या टोमण्यात मिशनलाही सतावणारा प्रश्न होता. इथे आलेल्याचा होकार त्याचा स्वतःचा आहे, हे ओळखायचे कसे?

समुद्रापलीकडची मुले

शरणपूरला सर्वांत लांबून आलेली माणसे आफ्रिकेची होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली गलबते ब्रिटिश आरमार अडवत असे. त्यातली सोडवलेली मुले मुंबईला उतरवली जात आणि बरीचशी मिशनांच्या हवाली केली जात. १८६० च्या सुमारास सोसायटीचे मुंबईतले आफ्रिकी आश्रयस्थान शरणपूरला आणले गेले. मलावी, टांझानिया या आजच्या देशांतून पळवलेली मुले गोदावरीच्या काठी मराठी, हिंदुस्तानी आणि इंग्रजी शिकू लागली. रंधा मारू लागली, भाता ओढू लागली, प्रार्थना म्हणू लागली.

इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत ही मुले 'नासिक बॉइज' म्हणून ओळखली जातात. १८६६ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन शेवटच्या प्रवासासाठी आफ्रिकेत उतरला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकची नऊ मुले होती. त्याच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी कौतुकापेक्षा तक्रारीच जास्त आहेत. १८७२ साली त्याच्या मदतीला दुसरी तुकडी गेली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, केरस फरार हे त्यातले. १८७३ च्या मे महिन्यात चितांबो या गावी लिव्हिंगस्टन वारला. तेव्हा इंग्रजी लिहू-वाचू शकणाऱ्या जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर मृत्यूची नोंद कोरली. सुसी आणि चुमा यांच्या पुढाकाराने या लोकांनी ते शव सुमारे नऊ महिने पायपीट करून किनाऱ्याला आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. शरणपूरच्या शाळेत शिकलेला तो मुलगा!

ही कथा नाशिककरांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे. पण ती सांगताना तिच्या पुढचा भाग बहुधा गाळला जातो.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८७२-७३ मध्ये गुलामांचा व्यापार थांबवण्यासाठी झांझिबारला गेले. परत आल्यावर त्यांनी सुचवले की मुक्त गुलामांची वसाहत आता आफ्रिकेतच करावी आणि नाशिकच्या शिकलेल्या तरुणांना तिचा पाया करावे. त्याप्रमाणे १८७४ च्या अखेरीस प्राइस स्वतः मोंबासाला गेले आणि १८७५ मध्ये तिथे 'फ्रिअर टाउन' उभे राहिले. मुंबई-नाशिकहून गेलेले आफ्रिकी दीडशेच्या आसपास होते.

मंडळीच्या दृष्टीने पाहा. वीस वर्षे खपून जमवलेल्या शरणपूरच्या पटावरची कितीतरी नावे अल्पावधीत कमी झाली. वाढीच्या हिशेबात हा तोटा होता. पण सोसायटीचे लंडनमधले चिटणीस हेन्री व्हेन यांनी आयुष्यभर मांडलेले सूत्र हेच होते की स्थानिक मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः चालवावा, कारभार स्वतः करावा, प्रसार स्वतः करावा आणि मिशनने तिथून बाजूला व्हावे. व्हेन १८७३ च्या आरंभी वारले. त्यांचे सूत्र खरे करून दाखवण्याची संधी शरणपूरच्या मुलांना आफ्रिकेत मिळाली. ती त्यांना कितपत घेऊ दिली, हा पुढचा प्रश्न.

रबाईचा पाळक

फ्रिअर टाउनमध्ये शरणपूरचाच साचा पुन्हा उभा राहिला. घरे, शाळा, चर्च, कामाची घंटा. आणि त्याबरोबर शिस्त. मुक्त केलेल्या माणसांवर व्यवस्थापकांनी फटक्यांच्या शिक्षा सुरू केल्या. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८१ साली सोसायटीला प्राइस यांना चौकशीसाठी पुन्हा पाठवावे लागले. पश्चात्ताप आतून यायचा असतो. त्याची वाट न पाहता तो बाहेरून वसूल करायला निघालेली मंडळी कशी दिसते, ते इथे दिसले. गुलामीतून सोडवून आणलेल्या माणसाच्या पाठीवर धर्माच्या नावाने वळ उठले.

नाशिकहून गेलेल्या शिकलेल्या आफ्रिकींबद्दल गोऱ्या मिशनऱ्यांच्या तक्रारी वेगळ्या होत्या. हे गर्विष्ठ आहेत, साहेबी कपडे घालतात, पगार जास्त मागतात. दार उघडून ज्यांना आत घेतले ते बरोबरीने बसू लागले की यजमानाचा चेहरा बदलतो, हे आपल्याला परके नाही.

यांच्यातच विल्यम जोन्स हा नाशिकला शिकलेला गृहस्थ होता. बिशप हॅनिंग्टन यांनी १८८५ साली जोन्स आणि त्यांचे सोबती इश्मायल सेमलर यांना दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले. मागे राहिलेला तांडा जोन्स यांनी किनाऱ्याला सुखरूप आणला. नंतर ते मोंबासाजवळच्या रबाई गावी मंडळी सांभाळत होते. भोवतालच्या अरब आणि स्वाहिली मालकांच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईला येऊ लागले. मिशनचे धोरण स्पष्ट होते : पळालेल्या गुलामांना ठेवून घ्यायचे नाही. किनाऱ्यावर गुलामगिरी तेव्हा कायदेशीर होती. मालक चिडले तर हल्ला होणार, सगळे कामच बंद पडणार. हा युक्तिवाद खोटा नव्हता.

रबाईत मात्र माणसे येत राहिली आणि राहत गेली. १८८८ साली प्राइस तिसऱ्यांदा पूर्व आफ्रिकेत आले तेव्हा मालकांचा दबाव शिगेला पोहोचला होता. या वस्त्यांत शेकडो पळालेले गुलाम राहत होते. बायकापोरे, घरे, शेते, चर्चमधली जागा असलेले. कायद्याच्या दृष्टीने ते कुणाचे तरी 'माल' होते. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना मोबदला देऊन मार्ग काढला आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १४०० माणसांना मुक्ततेचे कागद मिळाले.

या प्रसंगात पश्चात्ताप कोणी करायचा होता? पळून आलेल्याने मालकाचा विश्वासघात केल्याचा? नियम मोडून त्यांना थारा देणाऱ्यांनी? की गुलामीविरुद्ध प्रवचने देत असताना पळालेल्याला दाराबाहेर ठेवण्याचा नियम करणाऱ्यांनी? मला वाटते, स्वतः कधी काळी गलबतातून उतरवला गेलेला मुलगा वेशीवर उभा राहिला आणि आश्रयनगराचा मूळ अर्थ त्याने आपल्या गुरूंपेक्षा नीट ओळखला. आधी आत घ्यायचे, झाडा पुढे होतच राहतो. विशेष म्हणजे रबाईची मंडळी वाढली ती या नियमभंगामुळे. वाढवण्यासाठी कोणी दार उघडले नव्हते. दार बंद करवले नाही, म्हणून ती वाढली.

जलालपूरची लेक

आता रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला येऊ. जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात सोवळ्याचा कहर होता, हे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना सांगायला नको. १८५७ च्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या धामधुमीनंतर वडिलांच्या मनाने शिवाशिवीची अशी धास्ती घेतली की घरात मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. शरणपूरची घंटा वाऱ्यावर तिथवर ऐकू जात नसेल, पण तिथले पाणी चालत नाही हे जलालपुरात सगळ्यांना माहीत होते.

या घरातल्या मुलीचा नवरा नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाला. दोन वर्षे आधी आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला होता. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून. गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नको, हा त्यांचा आग्रह होता. विधीतला हा लहानसा बदल फार काही सांगून जातो. टिळक मंडळीत आले ते तिच्या अटी जशाच्या तशा मान्य करून आलेले नव्हते.

लक्ष्मीबाई पुढची काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. मग त्यांच्याजवळ आल्या, तरी सोवळे-ओवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी चालूच होते. टिळकांनी बळजबरी केली नाही. अखेर जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, हे त्यांचे त्यांना उमगले. कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली राहुरीला झाला. क्रम लक्षात घ्या. मंडळीने ठरवलेला क्रम असा होता : पश्चात्ताप, बाप्तिस्मा, मग नव्या जीवनाची फळे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत फळ आधी दिसले. आणि त्यांनी ज्याचा पश्चात्ताप केला ती चोरी नव्हती, व्यभिचार नव्हता. तिला कोणी पापच म्हणत नव्हते. ते लहानपणापासून पुण्य म्हणून शिकवलेले सोवळे होते.

मूळ ग्रीक बायबलमध्ये पश्चात्तापासाठी जो शब्द येतो त्याचा अर्थ 'मन पालटणे' असा आहे. आपल्या वारकरी संतांनी 'अनुताप' हा शब्द ज्या अर्थाने वापरला त्याच्या तो बराच जवळ आहे. नुसते रडणे-चुकणे नव्हे, तर तोंड फिरवून दुसऱ्या वाटेला लागणे. टिळकांना हे नाते दिसले होते. म्हणूनच त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची चाल दिली, कीर्तन दिले.

१९१७ साली त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. येशूला गुरू मानणारा कोणीही तिथे येऊ शकत होता, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. कल्पना अशी की बाप्तिस्म्यामुळे घरदार तुटेल या भीतीने वेशीबाहेर थांबलेल्यांनाही बसायला जागा हवी. जुन्या मंडळीतल्या लोकांना हे पटणे कठीण होते. ज्यांच्या आजोबांनी विहीर गमावून बाप्तिस्मा घेतला, त्यांनी विचारावे की मग आमच्या त्यागाची किंमत काय? हा प्रश्न हलका नाही. टिळकांना त्याचे उत्तर कृतीने द्यायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पटावर ना धड वाढ दिसली, ना संस्था उरली. उरले ते त्यांचे अभंग. ते मात्र आज मराठी चर्चमध्ये सगळे पंथ गातात.

संख्येचे शास्त्र

मंडळीच्या वाढीचे 'शास्त्र' ज्यांनी जगभर रूढ केले ते डोनाल्ड मॅकगॅव्हरन १८९७ साली मध्य प्रदेशातल्या दमोहला जन्मले आणि मध्य भारतातच त्यांनी मिशनरी म्हणून काम केले. १९३३ साली वॅस्कम पिकेट यांनी भारतातल्या सामूहिक धर्मांतरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून प्रेरणा घेऊन मॅकगॅव्हरन यांनी १९५५ मध्ये 'द ब्रिजेस ऑफ गॉड' आणि १९७० मध्ये 'अंडरस्टँडिंग चर्च ग्रोथ' लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसे आपली जात, भाषा, वर्ग ओलांडून एकेकटी येत नाहीत. समूहाने येतात. मंडळी वाढवायची तर हे कुंपण आधी ओलांडायला लावू नका.

निरीक्षण म्हणून हे चुकीचे नाही. नगर जिल्ह्यात, मराठवाड्यात ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या त्या महार-मांग वस्त्यांतून, नात्यागोत्याने. शरणपूरचा प्रयोग याच्या नेमका उलट होता. आफ्रिकी मुले, वाळीत पडलेला ब्राह्मण, दुष्काळातले अनाथ, आणि रेव्हरंड रतनजी नवरोजींसारखे पारशी घरातून आलेले पुढे औरंगाबादेत काम करणारे पाळक, हे सगळे एका मंडळीत. अशी मंडळी झपाट्याने वाढत नाही, आणि शरणपूर कधी फार मोठे झालेही नाही. पण जात टाकणे हा पश्चात्तापाचाच भाग आहे असे मानले, तर पहिल्या मार्गाने वाढ मिळते आणि पश्चात्ताप पुढे ढकलला जातो. दुसऱ्या मार्गाने पश्चात्ताप दारातच घडतो आणि दार अरुंद होते.

पुढे ढकललेला हिशेब कधीतरी समोर येतोच. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षे चालला. ते दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. अनेक धर्मांनी त्यांना 'या' म्हटले. ख्रिस्ती मिशनेही त्यात होती. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा बारकाईने विचार केला आणि एक रोखठोक आक्षेप नोंदवला : इथल्या चर्चमध्ये जात मेलेली नाही, आणि धर्मांतर करून वर आलेले लोक मागे राहिलेल्यांसाठी लढत नाहीत. ज्या शहरात काळारामाचे दार बंद होते, त्याच शहरात शरणपूरचे दार ऐंशी वर्षे उघडे होते. तरी ते पुरे पडले नाही, याचा विचार मंडळीने त्या वेळी किती केला?

हिशेब

१९२९ साली नाशिक हे अँग्लिकन बिशपांचे ठाणे झाले. फिलिप लॉइड हे पहिले बिशप. १९७० साली नागपूरला 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले आणि सोसायटीच्या परंपरेतली शरणपूरची मंडळी त्यात आली. शहर वाढत वाढत शरणपूरच्या चारी बाजूंनी गेले. एके काळी गावाबाहेर टाकलेली ही वस्ती आज शहराच्या अगदी मधोमध, लाखमोलाच्या जमिनीवर आहे. आज 'धर्मांतर' हा शब्द उच्चारला की समोरचा आधी आकडा विचारतो. विरोधकालाही आकडा हवा असतो आणि उत्साही प्रचारकालाही. दोघांच्याही आकड्यात जेकब वेनराइटचे काय करायचे ते समजत नाही, कारण तो नाशिकच्या पटावरून कमी झालेला एक आहे.

इतकी वर्षे हे कागद चाळल्यावर माझी एक समजूत झाली आहे. स्वागत आणि पश्चात्ताप यांचा तोल आपण नेहमी आत येणाऱ्याच्या अंगाने तोलतो. त्याला किती सवलत द्यायची, त्याच्याकडून किती मागायचे. पण शरणपूर, रबाई, राहुरी, सातारा या प्रत्येक ठिकाणी खरी अडचण आत बसलेल्यांची होती. फ्रिअर टाउनच्या व्यवस्थापकांना फटक्यांचा पश्चात्ताप करायचा होता, मिशनला आपल्या नियमाचा, मंडळीला आपल्यातल्या जातीचा. जिथे आत बसलेल्यांनी मन पालटले तिथे माणसे आली. जिथे पालटले नाही तिथे आलेलीही अवघडून बसली. हा नियम एकट्या ख्रिस्ती मंडळीला लागू आहे असे मला वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या शाळासोबत्याची गाठ पडली. तो नोकरीनिमित्त परगावी राहून परतला होता. चहा घेताना मी त्याला करंज्यांच्या बशीची गोष्ट सांगितली आणि माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "अरे, मला काहीच आठवत नाही." मग थोडा थांबून म्हणाला, "पण आईला आठवत होतं. ती शेवटपर्यंत तुला 'तुझा उपासाचा मित्र' म्हणायची. आणि नाताळ आला की विचारायची, या वर्षी येतोय का?"

मी नंतर कधी गेलोच नव्हतो.